पावशेर तूप

सुमारे अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वी चित नावाच्या एका यवनाने, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीकाने, जुन्नरच्या डोंगरात भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिला. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदवून दिली. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्या काळच्या अडत्यांच्या संघाने म्हणा ना, सात खोल्यांचं लेणं दिलं आणि सोबत एक टाकंही दिलं. या नोंदी ब्राह्मी अक्षरांत कातळावर कोरलेल्या आहेत. दानाची भाषा रोखठोक आहे. कोणी दिलं, काय दिलं, संपलं. घरदार सोडून निर्वाणाच्या वाटेला लागलेल्या माणसांना या व्यवहारी लोकांनी काय द्यावं? जेवायला जागा, प्यायला पाणी आणि पाठ टेकायला खोली.

सकाळी सकाळी अंतर्मुख होण्याविषयी बोलायचं आणि सुरुवात जेवणघरापासून करायची, हे काहींना खटकेल. पण जुन्नर-आंबेगावच्या मुलखात आत वळण्याच्या ज्या खुणा सापडतात, त्या बऱ्याचशा ताटाच्या आसपासच सापडतात. त्याला माझा इलाज नाही.

लेण्याद्रीला तुम्ही गेला असाल. अष्टविनायकांपैकी लेण्यात वसलेला हा एकच गणपती. सुमारे तीनशे पायऱ्या चढून, माकडांपासून पिशव्या सांभाळत आपण ज्या मोठ्या दालनात शिरतो, ते मुळात देऊळ नव्हतंच. तो बौद्ध भिक्षूंचा विहार. एवढं प्रशस्त दालन, पण मध्ये एकही खांब नाही. भिंतींमध्ये लहान लहान खोल्या कोरलेल्या. दर्शन झालं की बहुतेक मंडळी घाईने पायऱ्या उतरतात, कारण खाली गाडी थांबलेली असते आणि ओझरचा विघ्नहर अजून व्हायचा असतो. त्यातून पाच मिनिटं काढून एखाद्या खोलीत डोकावून पाहा. खिडकी नाही. उजेड येतो तो दारातूनच, त्यामुळे डोळे सरावायला वेळ लागतो. मग हळूहळू भिंतीवरचे छिन्नीचे तिरपे ओरखडे दिसू लागतात. काही खोल्यांत कातळातूनच काढलेला ओटा आहे, जेमतेम एक माणूस आडवा होईल एवढा. सामान ठेवायला जागा नाही, कारण सामान नव्हतं. एका माणसाला स्वतःशी राहायला किती जागा लागते, याचं माप घेऊन कोणीतरी ती खोली कोरली आहे.

जुन्नरभोवती शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री मिळून अशी दोनशेहून जास्त खोदकामं आहेत. एवढी दाटी देशात इतरत्र क्वचितच. आणि ही सगळी कुठे? निबिड रानात नव्हे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल नाणेघाट चढून वर येई आणि जुन्नरच्या बाजारात उतरे. त्या बाजारपेठेच्या डोक्यावर, खालचा गलबला ऐकू येईल अशा अंतरावर हे एकांतवास कोरले गेले. भिक्षूला सकाळी भिक्षेसाठी गावात जावं लागे. अंतर्मुख होण्याची जागा आणि बाजार यांच्यात डोंगराच्या एका चढाएवढंच अंतर होतं.

वर्षावासाची गोष्टही अशीच. भिक्षूंनी एका ठिकाणी मुक्काम ठोकू नये, फिरत राहावं, ही मूळ रीत. पण लोकांनी कुरकुर केली, की हे पावसाळ्यातसुद्धा हिंडतात, कोवळी हिरवळ तुडवतात, बारीकसारीक जीव पायाखाली मारतात. तेव्हा पावसाळ्यात तीन महिने एका जागी राहण्याचा नियम झाला, असं विनयपिटक सांगतं. म्हणजे वर्षातले तीन महिने एका जागी बसून आत पाहायचं, ही सोय कोणा योग्याला समाधीत सुचलेली नाही. लोकांच्या तक्रारीतून ती आली. मला ही गोष्ट फार आवडते. साधनेचा केवढा मोठा भाग कोणाच्या तरी पायाखालचं गवत वाचावं म्हणून सुरू झाला!

मानमोडीच्या डोंगरात एक चैत्यगृह आहे. त्याच्या दर्शनी भागावर, कमानीत, लक्ष्मी आणि हत्ती असं देखणं शिल्प आहे. तो दर्शनी भाग चंद नावाच्या यवनाने दिला, असा लेख तिथे आहे. आत मात्र काम अर्धवट राहिलेलं. बाहेर नक्षी आणि आत ओबडधोबड कातळ! यातून बोध काढायला कीर्तनकाराला दोन मिनिटंही लागणार नाहीत. मी तो काढत नाही. लेणी बाहेरून आत आणि वरून खाली खोदत जातात, त्यामुळे कुठलंही लेणं आधी बाहेरूनच सजलेलं दिसणार. आत जाईपर्यंत पैसा, माणसं किंवा कातळ यांपैकी काहीतरी दगा देतं. आपलंही पुष्कळदा तसंच होतं, आणि त्यात दांभिकपणा असतोच असं नाही.

आता थोडं सातासमुद्रापलीकडे. अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली मानवी प्रेरणांवर एक निबंध लिहिला. माणसाच्या गरजा त्याने एकीवर एक अशा मांडल्या. आधी भूक-तहान, मग सुरक्षितता, मग आपलेपणा, मग मानसन्मान, आणि सगळ्यांच्या वर, आपल्यात जे दडलं आहे ते पूर्णत्वाला नेण्याची ओढ. कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गात पडद्यावर जो त्रिकोण दाखवतात तो याचाच, पण तो मॅस्लोने काढलेला नाही, मागाहून आलेल्यांनी काढला. आपल्या आजीला तो त्रिकोण लागला नसता. आधी पोटोबा, मग विठोबा, एवढ्यात तिचं काम भागत होतं.

दुसरी पायरी, म्हणजे सुरक्षितता, ही तर जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरजच नाही. रात्रीची वीज आली की उठायचं, उसात दारं धरायची, आणि हातातली बॅटरी पाण्यापेक्षा बांधाच्या कडेलाच जास्त फिरवायची, कारण बिबट्या कुठून निघेल याचा नेम नाही. त्या माणसाला कोणी आत्मशोधाच्या शिबिराचं निमंत्रण दिलं, तर तो नाही म्हणणार नाही. फक्त म्हणेल, आधी दिवसाची वीज द्या, मग शिबिराला येतो. आणि त्याचं बरोबरच आहे.

पण पायऱ्यांचा क्रम एवढा सरळ असता तर तुकोबा झालेच नसते.

१६३० साली शिवनेरीवर शिवराय जन्मले आणि त्याच सुमाराला दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. देहूच्या मोरे घराण्याचं दुकान, सावकारी, महाजनकी, सगळं बसलं. तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, पाठोपाठ मुलगाही गेला. मॅस्लोच्या हिशेबाने हा माणूस आता सगळ्यांत खालच्या पायरीवर कोसळला होता. आधी पोटापाण्याचं बघ, बाकीचं नंतर, असंच त्याला कोणीही सांगितलं असतं. तुकोबांनी नेमक्या त्याच वेळी भंडाऱ्याचा डोंगर धरला. कुळांची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. भरल्या पोटाने आत वळणारे असतात, तसे पोट रिकामं झाल्यावर वळणारेही असतात. त्रिकोणात या दुसऱ्यांना घर नाही.

या गोष्टीचा एक धागा जुन्नर तालुक्यात येऊन पोचतो. तुकोबांना स्वप्नात गुरूपदेश झाला. गुरूंनी आपलं नाव बाबाजी सांगितलं, राघव चैतन्य आणि केशव चैतन्य अशी आपली परंपरा सांगितली, रामकृष्णहरी हा मंत्र दिला. तो दिवस माघ शुद्ध दशमीचा, गुरुवारचा. त्या बाबाजी चैतन्यांची समाधी ओतूरला मांडवीच्या काठी दाखवतात. त्याच गावात कपर्दिकेश्वराचं देऊळ आहे. श्रावणातल्या सोमवारी तिथे तांदळाच्या पिंडी रचतात आणि त्या पाहायला पंचक्रोशी लोटते.

स्वप्नाची ही हकिगत तुकोबांनी स्वतःच्या अभंगात सांगितली आहे आणि तिच्यात एक तपशील असा आहे, की वाचताना दर वेळी मी तिथेच थबकतो. मस्तकावर हात ठेवणाऱ्या गुरूने शिष्याकडे काय मागावं? जेवणासाठी पावशेर तूप. निष्ठा नव्हे, दक्षिणा नव्हे, देहभान विसरण्याची आणभाक नव्हे. तूप, आणि तेही मोजून पावशेर! एकेकाळी तागडी धरलेल्या माणसाच्या स्वप्नात मापसुद्धा चुकत नाही. पुढे तुकोबा म्हणतात, की ते द्यायचं स्वप्नातच विसरलं. काहीतरी अंतराय आला असावा आणि म्हणून गुरूंनी निघण्याची घाई केली असावी, अशी रुखरुख त्यांना लागली आहे.

मंत्र मिळाला त्या क्षणाची आठवण सांगताना न दिलेलं तूप सांगायचं त्यांना काही कारण नव्हतं. एखाद्या चरित्रकाराने ते वगळलं असतं, कारण त्याने प्रसंगाचं गांभीर्य कमी होतं. तुकोबांनी ठेवलं. माझ्या मते त्यांच्या मोठेपणाची एक खूण इथे आहे. ज्याला आत काहीतरी गवसलं, त्याला समोरच्याच्या भुकेचा विसर पडलेला खुपतो.

आता आणखी मागे जाऊ, नाणेघाटात. घाटघर सोडून घाटाच्या तोंडाशी गेलं की दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी त्यात टाकत, असं लोक सांगतात. तिथून खिंडीत उतरलं की डाव्या-उजव्या भिंतींवर शिलालेख असलेली गुहा लागते. काळ इसवी सनापूर्वीचा, सातवाहनांचा. लेखात यज्ञांची यादी आहे, दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाण्यांचे आकडे आहेत. हे सगळं नोंदवणारी राणी नागनिका, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सातकर्णीची ती राणी. शाळेच्या सहलीत मुलांना अंकांची चिन्हं दाखवतात, अश्वमेध सांगतात, आणि सहल पुढे जाते.

पण त्याच लेखात राणीची ओळख करून देताना तीन गोष्टी येतात. ती महिना महिना उपवास करते, ब्रह्मचर्याने राहते, आणि घरात राहूनच तापसीचं आयुष्य जगते. घरात राहून! वनात गेली नाही, विहारात गेली नाही. राज्य, मुलं, यज्ञांचे खर्च, घाटातली वाहतूक, हे सगळं सभोवती असताना तिने आपल्यापुरती एक शांत जागा राखून ठेवली. आणि ही गोष्ट कुठे कोरून ठेवली? देवळात नाही, राजवाड्यातही नाही. बैलांच्या आणि गाढवांच्या तांड्यांनी दिवसभर गजबजलेल्या घाटात. मिठाच्या गोणी घेऊन चढणाऱ्या कोणा तांडेवाल्याने घाम पुसता पुसता वर पाहिलं असेल, आणि वाचता येत असलं तर त्याला कळलं असेल, की आपल्या राणीला गाईघोड्यांच्या मोजदादीपलीकडेही काही हवं होतं.

मला नागनिका जवळची वाटते, कारण आपल्यातल्या बहुतेकांना घर सोडायचं नाही आणि सोडताही येणार नाही. कर्ज आहे, मुलीची बारावी आहे, म्हाताऱ्यांची औषधं आहेत. जे काही गवसायचं ते इथेच, याच भांड्याकुंड्यांत. तरीही एक फरक विसरून चालणार नाही. राणीच्या घरात स्वयंपाकाला माणसं होती.

इथे मग तुकोबांच्या दुसऱ्या बायकोची, जिजाईची, म्हणजे आपल्या आवलीची, आठवण येते. नवरा भंडाऱ्यावर, आणि ही डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन डोंगर चढते. पायात काटा मोडतो, विठोबा येऊन काढतो, अशी कथा आहे. त्या कथेने आवलीला न्याय दिला, असं कीर्तनात सांगतात. मला तो न्याय अपुरा वाटतो. देवाने काटा काढला, पाटी मात्र तिच्याच डोक्यावर राहिली. आणि भंडाऱ्याला बसायची पाळी तिची कधी आलीच नाही. तिला काय गवसलं असतं, आपल्याला कळायला मार्ग नाही.

बहिणाबाई शिऊरकरांचं आपल्याला कळतं, कारण त्यांनी लिहून ठेवलं. तुकोबांना गुरू केलं म्हणून नवऱ्याने मारहाण केली. बाईच्या जन्माला परमार्थ कसा साधावा, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या अभंगांत सरळ विचारला आहे. संसार सोडला नाही, साधनाही सोडली नाही. पण त्यासाठी अंगावर जे सोसलं ते कोणत्याही त्रिकोणात बसत नाही.

आंबेगावात आलं की हा विषय आणखी अवघड होतो. तालुक्याचं नाव आंबेगाव, पण ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. कचेऱ्या घोडेगावला आणि बाजार मंचरला. धरणाला नाव दिलं हुतात्मा बाबू गेनूंचं. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे झाले. गिरणीत राबणारा पोरगेला माणूस. मानसशास्त्राच्या पायऱ्या चढायला त्याला वेळच मिळाला नव्हता, आणि तरी आपला जीव कशासाठी आहे हे त्याला त्या सकाळी स्पष्ट दिसलं होतं.

डिंभ्याच्या पाण्याने ज्या महादेव कोळी कुटुंबांची जमीन गेली, त्यांतली पुष्कळ माणसं डोंगरावर सरकून राहिली. हिरडा गोळा करायचा, भात लावायचं, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर पीक घ्यायचं. त्या जमिनीवर आणि धरणातल्या मासेमारीवर या लोकांचा हक्क असावा म्हणून कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांनी 'शाश्वत' संस्थेतून वर्षानुवर्षं काम केलं. २०१२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. कुसुमताईंसारख्या माणसांना आपण समाजसेवक म्हणतो आणि एका कप्प्यात टाकतो. ध्यान करणाऱ्यांचा कप्पा दुसरा. मॅस्लोला मात्र असा कप्पा करता आला नाही. आतून समाधानी असलेल्या माणसांचा अभ्यास करताना त्याला आढळलं, की ही माणसं सहसा स्वतःत गुंतलेली नसतात, स्वतःबाहेरच्या एखाद्या कामात बुडालेली असतात. जेन ॲडम्स, एलिनॉर रूझवेल्ट ही त्याने दिलेली नावं. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत तर स्वतःच्या पलीकडे जाणं ही आणखी एक पायरी तो मांडू लागला होता.

हल्ली माळशेजच्या रस्त्याला आणि धरणांच्या कडेला शांतता विकत मिळते. दोन रात्री, तीन दिवस, मोबाइल बाहेर जमा, पहाटे प्राणायाम, दुपारी चुलीवरची भाकरी आणि पिठलं. मी याची टिंगल करत नाही. दमलेल्या माणसाला दोन दिवस गप्प बसायला मिळालं तर त्याने जरूर बसावं. पैसे मोजावे लागतात म्हणून ते खोटं ठरत नाही, चितलाही भोजनमंडपासाठी पैसे मोजावे लागलेच होते. त्याने मोजले ते दुसऱ्याला बसता यावं म्हणून, एवढाच फरक. वीरसेनक नावाच्या गृहस्थाने जुन्नरला चैत्यगृह दिलं, तेव्हा कशासाठी देतोय तेही कोरून ठेवलं, सगळ्या लोकांच्या हितासुखासाठी. आणि आपण मौनात बसलेलो असताना चुलीपाशी जी बाई भाकऱ्या थापते, ती गावातलीच असते. तिला महिन्यातून एकदा तरी मौन मिळतं का, एवढं निघताना विचारायला हरकत नाही.

टिकाऊ समाधानाचा रस्ता आत जातो, याविषयी मला शंका नाही. लेण्याद्रीच्या अंधाऱ्या खोल्या आणि तुकोबांचा भंडारा उगाच नव्हते. पण आत जाऊन आलेल्या माणसामुळे घरातल्या दुसऱ्याचं ओझं वाढलं असेल, तर तो आत नव्हे, आडोशाला गेला होता, असं मी बेलाशक म्हणेन.

तेव्हा उद्या पहाटे दहा मिनिटं डोळे मिटून बसणार असाल तर अवश्य बसा. फक्त आसन टाकण्याआधी स्वयंपाकघरात कोण उभं आहे ते पाहून या. रोज तिथे आई, बायको किंवा सूनच उभी असेल, तर उद्याचा चहा तुम्ही टाका आणि आसनावर तिला बसू द्या.